कंपन्यांच्या पुण्यास कामानिमित्त जाताना

(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजातील तरुणांना उपयोगाच्या चार गोष्टी सांगाव्या, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी विद्वान नाही आणि वक्ता तर नाहीच नाही. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत दोन-चार लेथ लावून पितळी बुश व लहानसहान सुटे भाग करणारा मी एक कारखानदार आहे. परंतु मालाचे नमुने, कोटेशन आणि थकलेली बिले घेऊन मी पुण्याच्या इतक्या वाऱ्या केल्या आहेत की, त्या वाटेवरील बऱ्यावाईट अनुभवांची शिदोरी माझ्यापाशी पुष्कळ साठली आहे. तीच आज आपणापुढे सोडतो.

आपला कासार समाज मूळचाच फिरतीचा. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांगड्यांचे गाठोडे आणि तांब्यापितळेची भांडी घेऊन गावोगावचे बाजार केले, मढीच्या यात्रेत पाले ठोकली. त्यांना लिहितावाचता बेताचेच येई. पण फिरतीचे एक पक्के शास्त्र त्यांच्यापाशी होते. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, वाट कोणती, वेशीवर कोणाला भेटावे, बोली कशी करावी, उधारी किती व कोणास द्यावी आणि दिवस मावळल्यावर मुक्काम कोठे करावा, हे सहा प्रश्न त्यांनी घर सोडण्यापूर्वीच सोडविलेले असत. पुढे जर्मनची भांडी आली, मग स्टीलची आली, आणि आपल्यापैकी कित्येकांचे हातोडे थांबले. ज्यांनी लेथ धरला त्यांची पितळेशी असलेली सोयरीक तुटली नाही. गिऱ्हाईक मात्र बदलले. आजचे आपले गिऱ्हाईक चाकणच्या कारखान्यात आहे, रांजणगावास आहे, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत आहे. बाजार बदलला तरी ते सहा प्रश्न जुनेच आहेत. म्हणून माझे भाषणही मी त्याच क्रमाने करतो.

पहिला प्रश्न वाराचा. पुणे म्हणजे एकच गाव, अशी आपली समजूत असते. वस्तुतः कामाच्या दृष्टीने तेथे तीन-चार निरनिराळी गावे आहेत. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचा परिसर यंत्रांनी गजबजून गेला. त्याच्या उत्तरेस चाकण मोटारींचे झाले. पश्चिमेस हिंजवडीस नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून संगणक-कंपन्यांची वसाहत उभी राहिली आणि पूर्वेस, आपल्याच रस्त्यावर, खराडी वाढले. ह्यांची सुट्टी एका वारी नसते. पिंपरी-चिंचवडकडील कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर संगणक-कंपन्यांची कार्यालये बहुधा शनिवारी व रविवारी बंद असतात. गुरुवारी भोसरीस आणि शनिवारी हिंजवडीस जाऊन बंद फाटकाचे दर्शन घेऊन परतलेले बंधू ह्या सभागृहातही असतील. त्यांत मीही आहे. तेव्हा भेटीची वेळ लेखी, म्हणजे ई-मेलने ठरवून घ्यावी आणि आदल्या दिवशी दुपारी तिची आठवण द्यावी. "या कधीही, मी असतोच" हे वाक्य आपुलकीचे असते. त्यावर विसंबून अडीचशे किलोमीटरची जाऊन-येऊन रपेट करू नये. वर्षअखेरीचा मार्च महिना आणि कारखान्यांत मालमोजणीचे दिवस हेही शक्यतो टाळावे.

दुसरा प्रश्न वाटेचा. येथून पुणे सुमारे १२० किलोमीटर. सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर अशी ती वाट आपल्या पायाखालची आहे. आगगाडी दौंडवरून वळसा घालून जाते; म्हणून आपण बहुतेक एस.टी.ने किंवा स्वतःच्या वाहनाने जातो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिरूरपर्यंतचा वेळ अंतरावरून काढावा. शिक्रापूरपासून पुढचा वेळ घड्याळावरून काढावा. वाघोलीपासून खराडीपर्यंतचे थोडेसे अंतर सकाळी नऊ ते अकरा ह्या वेळात किती खाईल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. अकराच्या भेटीसाठी जो आठला घरून निघतो तो भेटीसाठी निघतच नाही. तो क्षमा मागण्यासाठी निघतो. सहाला निघावे आणि उरलेला वेळ कंपनीच्या जवळच्या एखाद्या उपाहारगृहात कागद चाळण्यात घालवावा. चाकणला जावयाचे असेल तर शहरात शिरूच नये. शिक्रापूरहून उजव्या हातास चाकणचा रस्ता फुटतो. मात्र त्या रस्त्यावर अवजड वाहनांची रांग असते, हे धरूनच वेळ काढावा.

पुण्यात २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली आणि २०२४ साली ती आपल्या नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत आली. ही आपल्यासाठी मोठीच सोय आहे. रामवाडीस मेट्रोत बसावे, जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात गाडी बदलावी, की खडकी, दापोडीवरून थेट पिंपरीस पोचता येते. वाटेत कासारवाडी नावाचे स्थानक लागते, ते वाचून आपल्या माणसाला उगाचच बरे वाटते! हिंजवडीची मार्गिका निराळी, माणपासून शिवाजीनगरपर्यंत सुमारे २३ किलोमीटरची. जावयाच्या दिवशी ती कोठून कोठपर्यंत धावते आहे हे विचारूनच बेत आखावा. एस.टी.ने जाणाऱ्यांनीही बस कोठे थांबते हे आधी विचारावे. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे जुने बसस्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीस हलविले गेले, तेव्हा जुन्या सवयीने निघालेल्या कितीतरी लोकांची धांदल उडाली. जुन्या माहितीवर नवा प्रवास करू नये, एवढाच ह्याचा अर्थ.

तिसरा प्रश्न वेशीचा. पूर्वी गावाच्या वेशीवर पाटलाला रामराम केला की काम भागत असे. आज कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतो आणि त्याला रामराम पुरत नाही, कागद लागतो. छायाचित्र असलेले ओळखपत्र, ज्यांना भेटावयाचे त्यांचे नाव व विभाग, गाडीचा विमा आणि प्रदूषणाचा दाखला ही आपली वेशीवरची चौकडी आहे. कारखान्यात पुष्कळ ठिकाणी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात आणि यंत्रशाळेत जावयाचे तर पोलादी टोपणाचे बूट सक्तीचे असतात. रक्षकावर रागावू नये. तो आपला अपमान करीत नसून आपली नोकरी करीत असतो.

ह्या बाबतीत माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. आरंभीच्या दिवसांत मी एका मोठ्या कारखान्यात नमुन्याचे बारा बुश आणि माझा स्वतःचा मायक्रोमीटर पिशवीत घालून गेलो. आत जाताना घाईने त्यांची नोंद केली नाही. भेट उत्तम झाली. मी आनंदात बाहेर निघालो, तो फाटकावर पिशवी उघडली गेली. "ही वस्तू आत आणल्याची नोंद नाही, तेव्हा ती बाहेर नेता येणार नाही." रक्षकाचे म्हणणे अगदी बरोबर होते. ज्या अधिकाऱ्याने मला अर्ध्या तासापूर्वी चहा दिला, त्यालाच फाटकावर येऊन माझ्या प्रामाणिकपणाची साक्ष द्यावी लागली. त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी मला अजून आठवते. ते काम मला मिळाले नाही. कारण दुसरे असेलही. पण माझे मन मला तेच कारण सांगते. तेव्हापासून परत आणावयाच्या प्रत्येक वस्तूची मी आत जातानाच 'परतीचा माल' म्हणून नोंद करून पास घेतो. विक्री नसताना नमुने न्यावयाचे तर डिलिव्हरी चलन सोबत असावे. राज्यांतर्गत मालाची किंमत एक लाख रुपयांवर जात असेल तर ई-वे बिलही लागते.

आणखी एक सूचना. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आपल्या तोंडी अजून नगरच येते, त्यात वावगे काही नाही. पण कंपनीचा संगणक तोंडी बोलणे मानीत नाही. जीएसटी, उद्यम नोंदणी, बँकेचे खाते आणि आपले छापील बिल ह्यांवरचा पत्ता एकसारखा आहे ना, हे एकदा बसून तपासावे. एका कागदावर एक नाव व दुसऱ्यावर दुसरे असले की नोंदणीचा अर्ज परत येतो आणि पंधरा दिवस जातात.

चौथा प्रश्न बोलीचा. समोर बसलेला अधिकारी चेन्नईचा असेल, कानपूरचा असेल किंवा कोपरगावचा असेल. आपल्याला सफाईदार इंग्रजी येत नाही म्हणून आपली मुले खाली मान घालून बसतात. हे पाहून मला वाईट वाटते. त्याला आपले व्याकरण विकत घ्यावयाचे नसते, बुश विकत घ्यावयाचा असतो. मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत बोला, पण माप अचूक बोला. रेखाचित्रावरील मापे, किती मिळीमीटरची सूट चालेल, महिन्याला किती नग देऊ शकाल, पितळेचा भाव वाढला तर दराचे काय, ह्यांची उत्तरे जिभेवर हवीत. जे जमणार नाही त्यास "जमणार नाही" म्हणावे. "होऊन जाईल" हा आपला लाडका शब्द आहे. त्याने जेवढी गिऱ्हाइके जोडली त्याहून अधिक तोडली. भेटीनंतर त्याच दिवशी, काय ठरले ते चार ओळींत लिहून पाठवावे.

दिवाळीच्या मिठाईविषयी बोलावयास हवे. आपल्याकडे रिकाम्या हाताने जाणे अशिष्ट समजतात. परंतु अनेक कंपन्यांच्या नियमांत पुरवठादाराकडून भेटवस्तू घेणे निषिद्ध आहे. आपण प्रेमाने नेलेला डबा त्या अधिकाऱ्याच्या नोकरीवर बेतू शकतो. शुभेच्छापत्र पाठवावे, तेवढे पुरे. ह्याउलट कोणी स्वतःहून टक्केवारीची सूचना केलीच, तर तेथून उठावे. असे काम आज मिळते आणि उद्या त्याहून अधिक देणाऱ्याकडे जाते. तसेच, "तेथे आपल्यातला माणूस आहे" ह्या भरवशावर जाऊ नये. ज्ञातीचा माणूस ओळख करून देईल, पाणी विचारील. पण ज्ञात पाहून माल पास करणारा अधिकारी त्या खुर्चीत फार दिवस राहत नाही आणि राहूही नये.

पाचवा प्रश्न उधारीचा, आणि लहान माणूस बुडतो तो येथेच. काम मिळाले म्हणून पेढे वाटणारे आपण, पैसे केव्हा मिळणार हे विचारण्यास लाजतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांस एक मोठे संरक्षण दिले आहे. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि करार नसेल तर ती १५ दिवसांचीच आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. शिवाय २०२३ साली आयकराच्या कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, ह्या मुदतीत पैसे न दिल्यास घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. म्हणून वेळेवर पैसे देणे आता तिच्याही हिताचे झाले आहे. मात्र ह्यासाठी उद्यम नोंदणी मालाच्या पुरवठ्यापूर्वी झालेली हवी आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापारीबंधूंची नोंदणी प्राधान्याच्या कर्जापुरतीच उपयोगी आहे; त्यांनी ह्या मुदतीच्या संरक्षणावर विसंबू नये, करारच पक्का करावा.

माल पोचल्याची तारीखवार पोच जपून ठेवावी. मालाविषयीची तक्रार १५ दिवसांत लेखी यावी लागते. तोंडी कुरकुरीने मुदत पुढे जात नाही. आपले जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर भरावे, नाही तर घेणाऱ्यास कराची वजावट मिळत नाही आणि आपले बिल न्याय्य कारणाने अडते. थकलेल्या पैशांसाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. गिऱ्हाईक दुखवावेसे वाटत नसेल तर ट्रेड्स ह्या रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने चालणाऱ्या व्यवस्थेत, कंपनीने मान्य केलेले बिल बँकांपुढे मांडून थोड्या कसरीने आधीच पैसे मिळविता येतात. आणि सर्वांत जुना उपाय विसरू नये : आपल्या एकूण मालापैकी फार मोठा भाग एकाच गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन टाकू नये.

आता शेवटचा प्रश्न, मुक्कामाचा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण ह्याविषयी बोलणे मला जड जाते.

माझा पुतण्या माझ्याच कारखान्यात काम करतो. आपणांपैकी पुष्कळांनी त्याला आज दारात पाहुण्यांची नोंद करताना पाहिले असेल. काही वर्षांपूर्वी जानेवारीत तो चाकणला माल तपासून देण्यास गेला होता. काम रात्री नऊला संपले. त्याने मला फोन करून विचारले, "काका, इथेच राहू का? फार दमलोय." लॉजला हजार-बाराशे रुपये लागणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा माल निघावयाचा होता. मी म्हणालो, "रस्ता मोकळा असेल, ये हळूहळू." शिरूर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेस उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. त्याचा जीव वाचला, हा कालिकामातेचा आशीर्वाद. उजवा पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. लेथपुढे आठ तास उभे राहणारा तो उमदा मुलगा आता हिशेब लिहितो. त्याने मला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. म्हणूनच तो दोष मला स्वतःला वाहावा लागतो. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच. पण बाराशे रुपये वाचवा, असे त्या ट्रॉलीवाल्याने त्याला सांगितले नव्हते. ते मी सांगितले होते.

बंधूंनो, आपले पूर्वज दिवस मावळल्यावर वाट चालत नसत. त्यांना घाई नव्हती असे नव्हे. त्यांना अंधाराची किंमत ठाऊक होती. म्हणून कारखान्याच्या मालकांना, वडिलांना आणि काकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला पुण्यास धाडताना मुक्कामाचा खर्च आधीच दरात धरा आणि पैसे त्याच्या खिशात घाला. ऊस-हंगामात, म्हणजे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, रात्रीचा प्रवास वर्ज्यच समजा. आणि "राहू का?" असे त्याने विचारले तर "राहा" ह्यावाचून दुसरे उत्तर देऊ नका.

भगिनींविषयीही दोन शब्द. आपल्या कित्येक भगिनी आता स्वतःचा व्यवसाय करतात आणि ह्याच वाटेने पुण्यास जातात. सोबत म्हणून घरातील एखादा रिकामा पुरुष धाडण्यापेक्षा त्यांना दिवसाउजेडी परतता येईल अशी भेटीची वेळ मागण्याचे बळ द्यावे आणि मुक्कामाची खात्रीची जागा द्यावी. त्यांची खरी अडचण तीच असते.

ह्या मुक्कामासाठीच मी मंडळापुढे एक सूचना मांडतो. पुण्यास नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी, कामाच्या दिवशी, न कळविता पिशवी घेऊन उभे राहणे आता शोभत नाही. तीही माणसे सकाळी आठला कामावर जातात. त्याऐवजी नगर रस्त्यावर, मेट्रोच्या जवळपास, मंडळाने दोन खोल्या भाड्याने घ्याव्या. एक पुरुषांसाठी, एक भगिनींसाठी. जो राहील त्याने रास्त आकार द्यावा. फुकटची धर्मशाळा नको. फुकट वस्तूची कोणी निगा राखीत नाही. पुण्यातील बंधूंनी आळीपाळीने देखरेख करावी. एवढे आपल्याला होणार नाही काय? हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन तुकड्यातुकड्याने विकली नाही. ती एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि तेथे आज नगर उभे आहे. त्यांनी ४०० एकर एकत्र केले; आपल्याला दोन खोल्या करावयाच्या आहेत.

तरुण मंडळी मला विचारतात की, एवढी यातायात करण्यापेक्षा पुण्यासच का राहू नये? ज्यांना जावयाचे त्यांनी आनंदाने जावे. त्यांची आम्हाला लाजही नाही आणि त्यांच्याविषयी तक्रारही नाही. पण पुण्यास जाऊन काम घेऊन येणारा एक माणूस येथील चार घरांच्या चुली पेटत्या ठेवतो, हेही त्यांनी विसरू नये. पूर्वी नगरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचे नाव होते. ते नाव गेले. हातातील पितळ मात्र अजून गेलेले नाही. ते राहावयाचे असेल तर जाणाऱ्याने वेळेवर जावे, ताठ मानेने बोलावे, लेखी व्यवहार करावा आणि उजेडात घरी यावे.

माझ्या सूचनेचा विचार मंडळाने येत्या बैठकीत करावा. पहिल्या वर्षाच्या भाड्यातील माझा वाटा मी आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहे. त्याची पावती माझ्या पुतण्याच्या नावाने फाडावी.